पहिली फोड

भिंगरीच्या तोंडात बोट घालून तिच्या आईने चावलेली फोड बाहेर काढली आणि ओट्यावर आपटली. अर्धवट चघळलेलं सफरचंद आणि लाळ. पोरीच्या तोंडात एक दुधाचा दात हलत होता. तो अजून हिरडीला धरून होता म्हणून बरं, नाहीतर तोही आला असता.

"जीभ दाखव. वर कर. अजून वर."

पोरीचा खालचा ओठ सुजून बाहेर आला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती रडत नव्हती. रडलं की आजी चिडते, हे तिला गेल्या तीन आठवड्यांत चांगलं कळलं होतं. ती जीभ टाळ्याला लावून टक टक आवाज करत होती आणि करंगळी कानात घालून खाजवत होती.

"गिळली असती आता," टेबलापलीकडून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातली सुरी थांबली नव्हती. सफरचंदाची साल एका लांब फितीसारखी उतरत होती. "ऐनवेळी येऊन काढलीस तोंडातून. आता उद्या पुन्हा पहिल्यापासून."

"ओठ बघा तिचा."

"दिसतोय मला. चावून चावून सुजवलाय. आणि काल याच सफरचंदाचं सारण वाटी चाटून पुसून खाल्लंन ना? तेव्हा नाही बोचलं? शिजलं की गोड आणि कच्चं की काटे? नखरे आहेत नुसते."

कणीक मळणाऱ्या काकांनी, बेकरीच्या जुन्या कारागिरांनी, मान खाली घातली आणि गोळा जरा जास्तच जोरात आपटला. मालकांच्या घरच्या बोलण्यात पडायचं नाही, हा नियम ते बावीस वर्षं पाळत आले होते.

या बेकरीची एक रीत होती. सफरचंदांची नवी पेटी फुटली की पहिल्या फळाची पहिली फोड घरच्या माणसाने कच्ची चाखायची, सालासकट. फळ किती आंबट, सारणात साखर किती, हे त्या फोडीवर ठरायचं आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिलं जायचं. आधी सासरे चाखत. ते गेल्यावर त्यांचा मुलगा. मग सून आली, तिने चाखलं. सासूबाई मात्र कधी चाखत नसत. त्या फोड नाकाशी धरत, डोळे मिटत आणि साखरेचा आकडा सांगत. तो चुकत नसे. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं: बाईंना जीभ लागत नाही, नाक पुरतं. गिऱ्हाईकं पाहुण्यांना घेऊन येत आणि हा प्रकार दाखवत.

नात सहा वर्षांची झाली तेव्हा सासूबाईंनी जाहीर केलं, आता पहिली फोड हिची. घरची जीभ लहानपणीच तयार व्हायला हवी. भिंगरीला आधी केवढा आनंद झाला होता! स्टुलावर उभी राहून तिने फोड घेतली, चावली आणि थुंकली. "आजी, तोंडात मुंग्या चालतायत."

तेव्हा सगळे हसले होते. तिची आईसुद्धा हसली होती. मग सवय व्हावी म्हणून आजी रोज तिला एक फोड द्यायला लागली. दुसऱ्या आठवड्यात तर दुकानात गर्दी असताना पोर पदराशी झोंबायला लागली, तेव्हा तीच म्हणाली होती, "खाऊन टाक गं बाई एकदाची, आजीचा जीव नको खाऊस." हे आठवून आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग सासूवर होता, आणि त्याची मुळं स्वतःच्याच अंगणात होती. अशा रागाला कुठे ठेवावं ते कळत नाही.

तिने ॲप्रन सोडलासुद्धा नाही. पोरीला उचललं.

"कुठे निघालीस? दुकानात कोण?"

"तुमचं नाक बसवा गल्ल्यावर," ती म्हणाली, आणि झुलतं दार लाथेने उघडून बाहेर पडली.

काकांच्या हातातला गोळा हवेतच राहिला.

दवाखान्यात तीन माणसं पुढे होती. तिने नवऱ्याला फोन लावला. तो गाडी घेऊन पाव पोचवायला गेला होता.

"ओठ सुजलाय? किती?" तो म्हणाला. "आईला विचारलंस का?"

"विचारलं. आई म्हणाल्या, नखरे."

"मग असतील थोडे. आईला मुलांचं कळतं गं. मला वाढवलंय तिने."

"तेच दिसतंय," ती म्हणाली आणि फोन बंद केला. शेजारच्या बाकावरच्या बाईने हसू दाबण्यासाठी रुमाल तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाई वयाने हिच्याएवढ्याच असतील. त्यांनी भिंगरीला टेबलावर बसवलं, घसा पाहिला, छातीला नळी लावली, पिण्याचं औषध दिलं आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"कच्चं गाजर खाते?"

"नाही. बाजूला काढते."

"शिजवलेलं?"

"ते खाते. म्हणूनच तर घरात..." तिला पुढे बोलवेना.

"शिंका? डोळे चोळणं?"

"आमच्याकडे सगळेच शिंकतात. बेकरी आहे, मैदा उडतो."

"मैदा वर्षभर उडतो. शिंकासुद्धा वर्षभर असतात?"

ती मनात महिने मोजायला लागली. या घरात कोणी शिंकलं की दोष मैद्याचा, हे तिने लग्न होऊन आल्या दिवसापासून ऐकलं होतं आणि पाठ करून टाकलं होतं. पण शिंका हिवाळा सरता सरता सुरू होत. मागच्या अंगणातल्या झाडाला शेपट्यांसारखे तुरे लोंबायला लागत, गाडीच्या काचेवर परागांची पिवळी भुकटी बसायला लागे, तेव्हा. पुढे उन्हाळ्यात मैदा तेवढाच उडे आणि कोणी शिंकत नसे.

"अंगणात एक भूर्जाचं झाड आहे," ती सावकाश म्हणाली.

"मग झालं तर." डॉक्टरीणबाई भिंगरीकडे वळल्या. "हे बघ, तुझ्या अंगात एक पहारेकरी आहे. त्याला त्या झाडाच्या पिवळ्या भुकटीचा राग. तिचा चेहरा त्याने पाठ केलाय. आता सफरचंदाच्या आत कोणीतरी आहे, तो दिसायला अगदी तिच्या भावासारखा. तोंडात आला रे आला की पहारेकरी धरतो, धर चोर! म्हणून मुंग्या."

"आणि शिजवल्यावर?"

"शिजवलं की त्या भावाचा चेहराच मोडतो. पहारेकऱ्याला ओळखू येत नाही. गाजराचंही तेच."

भिंगरीने बराच वेळ विचार केला. "म्हणजे मी खोटं नाही बोलले?"

"अजिबात नाही."

"मग कागदावर लिहून द्या. आजीला वाचता येतं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहून दिलं. मग आईकडे बघून म्हणाल्या, "बहुतेकदा हे तोंडापुरतंच राहतं. पण कधी घसा आवळला, आवाज बदलला, श्वास लागला, तर घरी बसून वाट बघायची नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. आणि सवय व्हावी म्हणून रोज थोडं थोडं खायला घालताय ना? ते आजपासून बंद."

"मी नाही घालत," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "घालू दिलं."

परतताना ती भरभर चालत होती आणि भिंगरी हाताला लोंबकळत मागे धावत होती. वाटेत तिने मनातल्या मनात किमान पाच भाषणं केली. एकात ती अगदी शांत होती. ते तिला सर्वांत जास्त आवडलं. बेकरीचं दार ढकलेपर्यंत पाचही भाषणं हवेत विरली.

दुकानात नेहमीचे चष्मेवाले आजोबा पाव घ्यायला उभे होते. कामाला येणारी मुलगी गल्ल्यावर होती. भिंगरीची आई थेट आत गेली, कागद सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

सासूबाईंनी हात पुसले. चष्मा शोधला, लावला. ओठ हलवत सगळा कागद वाचला. मग त्याची घडी घालून ती साखरेच्या डब्याखाली सारली.

"शिकलेल्या आहेत बाई," त्या म्हणाल्या. "पण मला सांग, बाधणारी वस्तू कच्ची काय नि शिजलेली काय, बाधायलाच हवी. एकाच फळाने सकाळी ओठ सुजतो आणि संध्याकाळी ढेकर येतो, असं कुठे असतं?"

"असतं. लिहिलंय त्यात."

"कागदावर काय, काहीही मावतं. लहान मूल आहे, वाकवू तसं वाकेल. महिनाभर दम धर."

"एक दिवस नाही धरणार."

"मग आमच्या घरात..."

"तुमच्या घरात!" तिचा आवाज एवढा चढला की दुकानातली पिशव्यांची सळसळ थांबली. "तुमच्या घरात एवढीशी पोर स्टुलावर उभी राहून मुकाट सुजते आणि तुम्ही साली काढत बसता. मोठी रीत. तेहेतीस वर्षांत तुम्ही स्वतः एकदा तरी चाखलीत का फोड?"

"अहो, बाईंना कशाला चाखायला हवं," काका घाईघाईने म्हणाले. भांडण हलकं करण्याचा त्यांचा हा एकच उपाय होता. "बाईंचं नाक म्हणजे..."

"काका, तुम्ही मळा."

काका मळायला लागले.

टेबलावर सकाळची पेटी अजून उघडीच होती. तिने वरचं फळ उचललं, दोन घावांत त्याची फोड पाडली, आणि सुरीच्या टोकाला लावून सासूच्या तोंडासमोर धरली. 

"घ्या. सालासकट. खा आणि म्हणा, काही होत नाही. मग मी हिला स्वतः खायला घालते."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय पणाला लावलं. भिंगरी दाराशी उभी राहून ऐकत होती. फोड खायला कितीसा वेळ लागतो? सासूबाई खातील, तोंड पुसतील, आणि मग?

सासूबाईंनी फोडीकडे पाहिलं. सवयीने नाक पुढे गेलं, मग मागे आलं. त्यांनी फोड सुरीवरून काढली, तोंडात टाकली आणि सुनेच्या डोळ्याला डोळा भिडवून चावायला लागल्या. सावकाश चावली, गिळली. मग स्वतःच्या हाताने दुसरी फोड कापली, आणि तीही खाल्ली.

"झालं?" त्या म्हणाल्या.

 भट्टीचा पंखा घरघरत होता. सुनेला वाटलं, आपण हरलो. ती पोरीचं सामान कुठे कुठे आहे ते मनात गोळा करू लागली: शाळेचं दप्तर वरच्या खोलीत, बूट जिन्याखाली.

तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "आई, आजी माझ्यासारखं करतेय."

सासूबाई ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. पण मिटलेल्या ओठांमागून आवाज येत होता, टक, टक, टक. त्यांनी एका हाताने टेबल धरलं होतं. दुसऱ्या हाताची करंगळी कानाकडे निघाली होती आणि अर्ध्या वाटेवर थांबवली होती.

सुनेला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा जो राग आला त्यापुढे सकाळचा राग म्हणजे चूल पेटवायची काडी होती.

"तुम्हाला माहीत होतं."

"काका," सासूबाई म्हणाल्या. शब्द जाड येत होते. "जरा दुकानात बघा. ट्रे लावा."

काका पिठाचे हात घेऊन तसेच बाहेर गेले. दार झुललं, थांबलं.

"घशात आवळतंय?" सुनेने विचारलं.

"नाही."

"श्वास?"

"ठीक आहे."

"गिळून दाखवा."

"गिळतेय. ओरडतेस काय? पेशंटशी असं बोलतात?"

"मी बोलते. बसा खाली."

सासूबाई भिंगरीच्या स्टुलावर बसल्या. वरचा ओठ एका बाजूने फुगला होता. सुनेने डॉक्टरीणबाईंचा नंबर काढून फोन हातात धरून ठेवला. आवाज आणखी जाड झाला तर बटण दाबायचं होतं. आवाज तसाच राहिला. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि पहारा दिला. माया म्हणून नव्हे; सगळं ऐकल्याशिवाय हिला सुटू द्यायचं नाही म्हणून.

"माझ्या आईने मला समोर बसवून खायला घातलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "चार दिवस. पाचव्या दिवशी ती कंटाळली. म्हणाली, मर मेली, नको खाऊस. मग लग्न ठरलं, आणि घर कुठलं मिळावं? सफरचंदं सोलणाऱ्यांचं." त्या हसायला गेल्या, ओठ साथ देईना. "पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी फोड पुढे केली. आठ माणसं बघत होती. नवी नवरी, थुंकणार कुठे? मी नाकाशी धरली आणि म्हटलं, साखर थोडी कमी लागेल. कशी कोण जाणे, बरोबर निघाली. दुसऱ्या दिवशीही हुंगली. मग माणसं बघायलाच यायला लागली."

"आणि हिला का?"

"मला वाटायचं, आई पाचव्या दिवशी कंटाळली नसती तर गेलं असतं माझं. हिच्या बाबतीत आपण कंटाळायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

"तोंडात काय होतं ते तुम्हाला कळत होतं. या घरात एकट्या तुम्हालाच कळत होतं. आणि तरी तुम्ही तिला खोटारडी म्हणालात."

"कळत होतं म्हणूनच..."

"नाही," सून म्हणाली. "ते मला नका सांगू."

 बऱ्याच दिवसांत कोणी सासूबाईंचं वाक्य असं तोडलं नव्हतं. आज दोनदा तुटलं होतं.

भिंगरी केव्हा जवळ आली ते दोघींनाही कळलं नाही. स्टुलावर बसलेली आजी तिच्याएवढीच उंच झाली होती. तिने आजीच्या ओठाला बोट लावून पाहिलं.

"आ कर."

सासूबाईंनी मुकाट्याने आ केला. पोर आत डोकावली.

"वरती होतंय ना? तिथे मागे? जीभ पोचत नाही तिथे?"

"हो."

"आणि कानाच्या आतल्या आत?"

"कानाच्या आतल्या आत." सासूबाईंनी आता करंगळी कानात घातली. "पाणी पिऊन जात नाही ते."

"मी प्यायले होते. नाही जात."

"आपलं आपण जातं. फुटकळ कामं करत राहायची. डबे पुसायचे, साली मोजायच्या. तेवढ्यात जातं."

"मी शंभरपर्यंत मोजते."

"मी पाचशे."

आई भिंतीशी उभी राहून हे ऐकत होती. तीन आठवड्यांत तिने पोरीला कित्येक प्रश्न विचारले होते: दुखतं का, खरंच दुखतं का, मग काल का नाही दुखलं. जीभ पोचत नाही ती जागा कुठली, हे तिने विचारलं नव्हतं. तिला ती जागा माहीतच नव्हती. त्या दोघींना माहीत होती. तिला एकदम बाहेरची असल्यासारखं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

सासूबाईंनी नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गालावरचं वाळलेलं पाणी अंगठ्याने पुसलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजपासून फोड नाही, बरं का. कोणीच नाही चाखायची. थोडं सारण शिजवून चाखू. पण आजीला पण असं होतं, हे मात्र कोणाला सांगायचं नाही हं. बाहेर नाही, बाबाला पण नाही. आपलं दोघींचं गुपित."

भिंगरीने शहाण्यासारखी मान हलवली. फार पटकन हलवली. तीन आठवड्यांत तिला गप्प बसण्याची एवढी सवय झाली होती.

"नाही," आई म्हणाली.

ती ओरडली नाही. आवाज उलट बसल्यासारखा निघाला. "ती नाही गप्प बसणार. तिला झालेलं ती सांगेल. ज्याला पाहिजे त्याला सांगेल, आणि तुमचंही सांगेल. तुम्ही तेहेतीस वर्षं ठेवलंत ना गुपित? त्यातूनच हे पोरीच्या ताटात आलं."

"अगं, बाहेर गिऱ्हाईक आहे. माणसं काय म्हणतील? इतकी वर्षं..."

"ते तुमचं तुम्ही बघा."

ती खाली बसली, पोरीच्या बरोबर समोर. "ऐक. खोटं कोण बोललं नव्हतं?"

भिंगरीने आजीकडे पाहिलं, मग आईकडे. "मी."

"मग हे कोणाला सांगायचंय तुला?"

पोरीने विचार केला. ओठ अजून जाडच होता, त्यामुळे विचार करताना ती वयापेक्षा मोठी दिसत होती.

"काकांना. ते पण हसले होते," ती म्हणाली. "आणि चष्मेवाल्या आजोबांना."

आणि ती निघाली. दार तिला जड जायचं, तिने खांदा लावला. दार झुललं आणि दुकानाचा आवाज आत आला: पिशव्या, नाणी, काकांचं खाकरणं. मग भिंगरीचा आवाज, शाळेत कविता म्हणताना लावते तसा खणखणीत. "माझ्या तोंडात मुंग्या येतात ना, ते खरंय. डॉक्टरांनी लिहून दिलंय. आणि आजीला पण येतात. तिला पण कच्चं सफरचंद चालत नाही. तिने आत्ता खाल्लं, तिचा ओठ बघा हवा तर."

बाहेर कोणीतरी हसलं. "काय म्हणतेस? बाईंना?" मग ते हसू मध्येच थांबलं.

आत सासूबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. सून वाट बघत होती. आता त्या उठतील, दार उघडतील, हसून म्हणतील, पोर आहे, काहीही बोलते. त्यांना दोन पावलं टाकायची होती. तिने स्वतःच्याही नकळत दाराच्या बाजूला सरकून वाट अडवली होती.

"बाई?" बाहेरून चष्मेवाल्या आजोबांची हाक आली. "अहो बाई, ही पोर काय सांगतेय?"

सासूबाईंनी पदर ओठांपर्यंत उचलला. थोडा वेळ तसाच धरला. मग सोडला आणि उठल्या.

"सरक," त्या सुनेला म्हणाल्या.

सून हलली नाही.

"सरक गं. त्यांना ओठ बघायचाय ना."